चलन गाडीचं, पाय कुणाचा?

ई-चलनाचा मेसेज बाबांच्या मोबाइलवर आला आणि घरात पहिला संशय माझ्यावर घेतला गेला, कारण पक्कं लायसन्स मिळालेली सगळ्यांत नवी मीच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा, आमची गाडी ११८ वर. दंड २००० रुपये. त्या दिवशी बाबा घरीच होते. गाडीत दादा, वहिनी आणि मी, तिघांनीही आळीपाळीने चालवलेली.

"फोटोत दिसेल की कोण होतं ते," मी म्हणाले. लिंक उघडली. नंबरप्लेट अगदी स्वच्छ, पण पुढच्या काचेवर नुसतं आभाळ चकाकत होतं. शिवाय बाजूच्या लेनमध्ये आणखी एक कार आणि मागे ट्रक. एवढ्या गर्दीतून यंत्राने आम्हालाच कसं उचललं?

वहिनी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिच्या म्हणण्याप्रमाणे रडारच्या लहरी गाडीवर आपटून परततात. गाडी जवळ येत असेल तर परतणाऱ्या लहरींची वारंवारता वाढते, शिट्टी देत येणाऱ्या रेल्वेचा आवाज चढा लागतो तशी. ती किती वाढली, त्यावरून वेग निघतो. आधुनिक रडार प्रत्येक गाडीचं अंतर आणि कोनही मोजतं, त्यामुळे गाडी कोणत्या लेनमध्ये आहे ते कळतं आणि त्याच लेनमधली नंबरप्लेट कॅमेरा वाचतो.

"मग कॅमेरा दिसला की ब्रेक मारायचा," असा मी शहाणपणा केला.

"मार की! सरासरी वेगाला काय करशील?"

जुलै २०२४ पासून द्रुतगती मार्गावर जी नवी यंत्रणा सुरू झाली, तिच्यात हाही प्रकार आहे. एका कॅमेऱ्याने नंबर आणि वेळ टिपायची, पुढच्याने पुन्हा टिपायची. मधलं अंतर ठाऊकच असतं, उरतो तो शाळेतला भागाकार. दहा किलोमीटरला निदान सहा मिनिटं लागायला हवीत, पाचच लागली तर सरासरी १२० झाली. कॅमेऱ्याखालून गोगलगायीसारखं गेलात तरी सुटका नाही.

वाचलेला नंबर पुढे परिवहन खात्याच्या 'वाहन' नोंदींशी जुळतो. तिथे मालकाचं नाव, पत्ता, मोबाइल. म्हणून मेसेज बाबांना! म्हणजे यंत्राच्या लेखी आम्ही तिघं गाडीत नव्हतोच. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेला १६७अ हा नियमसुद्धा पुरावा म्हणून नंबरप्लेट दाखवणारा फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण मागतो. चेहरा मागत नाही.

माझा मामेभाऊ श्टुटगार्टला असतो. त्याला हे ऐकून नवल वाटलं. जर्मनीत वेगाचा दंड चालवणाऱ्याला होतो, मालकाला नाही. त्यामुळे फोटो समोरून, चेहऱ्यासकट काढतात आणि शेजारी बसलेल्याचं तोंड झाकून पत्रासोबत पाठवतात. चालक सापडलाच नाही, तर कोणत्या फेरीला कोण चालवत होतं याची वही ठेवायचा हुकूम मालकावर निघू शकतो.

मला वाटलं, आपल्याकडे कायदाच वेगळा असेल. तसंही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ वेगात चालवणाऱ्यालाच दोषी धरतं. मात्र तो कोण, हे अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारलं तर कलम १३३ प्रमाणे चालकाचं नाव, पत्ता, लायसन्स मालकाने सांगायचं. यंत्राचा तपास आमच्या दारात येऊन थांबतो तो असा. पुढचं काम घरच्यांचं.

बाबांनी ते मनावर घेतलं. चलनावरची वेळ त्यांनी कागदावर लिहिली आणि आमचे मोबाइल मागितले. खालापूरच्या फूड मॉलवर वडापावचे पैसे दादाने यूपीआयने दिले होते, त्यानंतर स्टिअरिंग माझ्याकडे आलं. चलन त्याच्या दहा मिनिटं आधीचं. म्हणजे मी सुटले. दादा पनवेलपर्यंतच चालवत होता. उरली वहिनी. "रडार बरोबर आहे," एवढंच म्हणून तिने तिथल्या तिथे दंड भरला.

बाबा मात्र गप्प झाले. दोन वर्षांपूर्वी विकलेली स्कूटर अजून त्यांच्याच नावावर आहे. मालकी बदलायला लागणारे फॉर्म २९ आणि ३० कुठे मिळतात, ते आता मलाच शोधायला सांगितलंय.