खोलीबाहेरची खोली

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथसंग्रहालयांना स्थान आहे, नियतकालिकांना आहे, संमेलनांना तर आहेच आहे. कामगार कल्याण केंद्राला मात्र नाही. आम्ही स्वतः गिरणगावातील साहित्यावर दोनशे पानांचा प्रबंध लिहिला आणि त्यात या केंद्राचा उल्लेख एकदाही केला नाही. विसरलो असतो तर गोष्ट निराळी होती. परंतु शाळकरी वयातील आमच्या बहुतेक संध्याकाळी जिथे गेल्या, ती जागा विसरणे शक्यच नव्हते. ती लिहिण्याजोगी वाटली नाही, एवढेच.

आमचे बिऱ्हाड लालबागेतील एका चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत होते. आम्ही पाच जण, शिवाय साताऱ्याकडून आलेले दोन चुलते. वडील आणि चुलते तिघेही गिरणीत, आणि तिघांच्या पाळ्या क्वचितच जुळत. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी मध्यरात्री. परिणामी त्या खोलीत दिवसाच्या कोणत्याही वेळी कोणी ना कोणी झोपलेले असे. मराठी साहित्यात चाळ येते ती गजबजाट घेऊन. आमच्या आठवणीतील चाळ कुजबुजीची आहे. भांडे पडले की आई जीभ चावे. मोठ्याने पाढे म्हणायचे तर जायचे कुठे? आई दाराकडे बोट दाखवून हळूच म्हणे, “केंद्रात जा, अण्णा उठेपर्यंत येऊ नकोस.”

केंद्र म्हणजे एक बसकी इमारत होती. खाली शिशुमंदिर आणि कॅरमचे दोन बोर्ड, वर वाचनालय आणि शिवणवर्ग, मागे व्यायामाची जागा. वर्गणी नाममात्र. वाचनालयात वर्तमानपत्रांची पाने वेगवेगळी करून वाटून घेतली जात, त्यामुळे अग्रलेख एकाच्या हाती तर क्रिकेट दुसऱ्याच्या. कपाटात खांडेकर होते, फडके होते. पण शिवण उसवलेली पुस्तके बाबूराव अर्नाळकरांची. दिवाळी अंकांसाठी नाव नोंदवावे लागे आणि आपला क्रमांक येईपर्यंत होळी येई. आमच्या वाचनाची सुरुवात ही अशी. प्राध्यापक झाल्यावर मुलाखतीत कोणी विचारले, की आम्ही शाळेतील गुरुजींचे नाव सांगत आलो.

या केंद्रांमागे १९५३ चा कामगार कल्याण निधीचा कायदा आहे. आज दर सहामाहीला कामगाराच्या वेतनातून थोडी रक्कम कापली जाते, मालक तिच्या तिप्पट भरतो आणि शासनाचा वाटा असतो. मूळ कायद्यातील निधीची साधने मात्र पाहण्यासारखी आहेत. कामगारांकडून वसूल झालेला दंड, आणि कामगाराने न उचललेले, मालकाकडे पडून राहिलेले वेतन. यातील दुसऱ्या तरतुदीला गिरणीमालकांनी आव्हान दिले. पन्नासच्या दशकातच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तरतूद घटनाबाह्य ठरली आणि पुढे कायदा दुरुस्त करावा लागला. कोणी आजारी पडून गावी गेला आणि परतलाच नाही, कोणाला पाळीवर उशीर झाला म्हणून दंड बसला. असल्या पैशातून कॅरमच्या सोंगट्या आणि कादंबऱ्या घेण्याची ही कल्पना होती. कल्याण हा शब्द आम्हांला फार दिवस सरकारी आणि गुळगुळीत वाटत असे. हा तपशील कळल्यापासून तो तसा वाटत नाही.

नाटकाचे सांगायला हवे. मंडळाची नाट्यस्पर्धा जवळ आली की वरच्या मजल्यावर तालमी सुरू होत, आणि तिथेही पाळ्यांचा घोळ आडवा येई. नायक दुसऱ्या पाळीला गेला की त्याचे संवाद जो हजर असेल तो वाचे. महिनाभरात प्रत्येकाला सर्वांचे संवाद पाठ होत. वडिलांनी रंगमंचावर कधी पाऊल ठेवले नाही. पण बदली नट म्हणून त्यांनी तीन नाटकांतील खलनायक तालमीपुरते केले, आणि आयुष्यात त्यांचा आवाज चढलेला आम्ही ऐकला तो तेवढाच. घरी त्यांना मोठ्याने बोलायला जागाच नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या खोलीत फरक असा पडला, की आता तिथे दिवसा कोणीच झोपेना. पुरुष सकाळपासून वाचनालयात येऊन बसत. सुरुवातीला संपाच्या बातम्या वाचत, पुढे नोकरीच्या जाहिराती, आणि नंतर नुसतेच बसत. शिवणवर्गात मात्र बायकांची गर्दी वाढली. पूर्वी तिथे झबली, टोपडी, भरतकाम चाले. आता बाईंना पहिला प्रश्न असे, “एका परकराला मजुरी किती मिळते हो बाई?” आईने तिथेच परकर शिकून घेतले, मंगळसूत्रातील दोन वाट्यांपैकी एक मोडून जुने यंत्र आणले. महाविद्यालयातील आमची पहिल्या वर्षाची फी त्या परकरांतून भरली गेली. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आम्ही आईचे आभार मानले ते “संस्कारांसाठी”. शिवणवर्ग लिहायला लाज वाटली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

जयंत पवारांचे ‘अधांतर’ आम्ही अनेक वर्षे शिकवले. चाळीतल्या एका खोलीत अडकलेले कुटुंब, गिरणी बंद, मुले वाऱ्यावर. वर्गात आम्ही संपाविषयी बोलायचो, जागतिकीकरणाविषयी बोलायचो. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ही माणसं घराबाहेर पडून बसत कुठे असतील?” आम्ही “नाक्यावर” असे उत्तर देऊन पुढे गेलो. उत्तर अगदीच चुकीचे नव्हते. पण नाका पुरुषांचा. बाईमाणसाला विनाकारण बसता येईल अशी जागा त्या वस्तीत देवळाखेरीज हीच एक होती, आणि ती आम्हांला ठाऊक होती.

काही वर्षांपूर्वी अशाच एका केंद्रात काव्यवाचन स्पर्धेचे परीक्षक म्हणून जाणे झाले. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. केंद्रात आता अभ्यासिका आहे, आणि स्पर्धापरीक्षांची मुले तिथे डबा घेऊन येतात. स्पर्धक बहुतेक निवृत्त. आम्ही यमके मोजली, शब्दकळा जोखली, बरेचसे गुण कापले. एका गृहस्थांची कविता आईवरची होती. मराठीत आईवरच्या कवितांचा जो ठरलेला साचा आहे त्यातून ती तसूभरही बाहेर पडत नव्हती. आम्ही दहापैकी तीन गुण दिले आणि मान वर केली, तर समोरची सारी मंडळी पुढे झुकून ऐकत होती. कवी मधल्या एका ओळीवर अडखळले, तेव्हा मागच्या खुर्चीवरून कोणीतरी ती ओळ पुरवली. ओळ ऐकणाऱ्याला पाठ होती.

निकाल दिला. टाळ्या पडल्या. मग एक आजोबा अदबीने म्हणाले, “सर, स्पर्धा झाली ना? आता जरा निवांत ऐकू या का?” आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून एकेकाला उभे केले. या खेपेस आम्ही गुणपत्रक उलटे घालून बसलो. चौथ्या की पाचव्या कवितेला जिन्यावर चपलांचा आवाज झाला. साडेचारच्या शिवणवर्गाच्या बायका आल्या होत्या आणि टेबल त्यांना हवे होते. आम्ही आपले कागद उचलले.