नेसलेलं आणि ठेवलेलं

आठवणीची गोधडी शिवून घ्यायला येणारी माणसं कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून येतात. पिशवीतून आधी पैठणी निघते, मग एखादा शालू, मग कधीकाळी कुणाच्या तरी लग्नात मिळालेली, घडीही न मोडलेली साडी. घरातलं माणूस गेलेलं असतं, आणि त्याची आठवण म्हणजे त्यानं जपून ठेवलेलं, असा सगळ्यांचा समज. मी पिशवी परत बांधते आणि विचारते, "रोज काय नेसायच्या?" इथं घोडं अडतं. रोजचं असतं कुठं? फाटकं पोतेऱ्याला गेलं, धडकं बोहारणीला.

मी हट्टी आहे असं म्हणतात. असेन. पण त्यात भावनेपेक्षा सुईचा भाग मोठा आहे. जुन्या रेशमाला टाका मानवत नाही. धावदोरा घातला की काही धुण्यांतच कापड टाक्याच्या रेषेवर चिरत जातं, आणि जर अंगाला टोचते ती वेगळीच. कोरं सुती कापडही नको. त्यात खळ असते, पहिल्या पाण्यात ते आटतं, आणि आत जुनं नि वर नवं असलं की सगळी गोधडी आखडून बसते. वर्षानुवर्षं धुतलेल्या, उन्हात वाळलेल्या पातळाचं मात्र आटायचं ते आटून झालेलं असतं. त्यातून सुई अंगुस्तानाशिवायही जाते.

नऊवारी लुगड्याचा हिशोब तर मला अजून सुखावतो. साधारण आठ मीटर लांबी, सव्वा मीटरच्या आतबाहेर पन्हा. चार सारखे तुकडे केले की दोन-दोन मीटरचे होतात. दोन शेजारी जोडले की वरची बाजू झाली, उरलेले दोन जोडले की खालची. एक चिंधी वाया जात नाही. साडेपाच मीटरच्या सहावारीत हे बसत नाही, तळासाठी दुसरं काहीतरी शोधावं लागतं. आमच्या कराडकडे आता लुगडी मिळणंच दुर्मीळ झालंय, त्यामुळं हा हिशोब बहुतेक वेळा मनातच राहतो.

तळाचं कापड जमिनीवर ताणून अंथरायचं, काठांवर पाटा-वरवंटा ठेवायचा, त्यावर तुकड्यांचे थर लावायचे, वरचं कापड घालून कच्चे टाके मारायचे. मग धावदोरा, काठापासून आत, चौकोनात चौकोन. अमेरिकेत बहुतेकजणी मधून सुरुवात करून बाहेर जातात, म्हणजे कापडाचा झोळ काठाकडे सरकून निघून जातो. आपल्याकडं झोळ आत ढकलला जातो, त्यामुळं प्रत्येक फेऱ्याला तळहातानं कापड निपटत जावं लागतं. गोधडी कुणी शिवलीय हे कळायला मी शेवटचा, मधला चौकोन बघते. तिथं सगळं उघडं पडतं. दोन ओळींत बोटभर अंतर. त्याहून जास्त ठेवलं की काम लवकर उरकतं खरं, पण घट बसायच्या आधी गोधड्या नदीवर नेऊन बडवल्या की आतल्या चिंध्या गोळा होतात. मग थरांमधली हवा जाते आणि हवेबरोबर ऊबही.

काठाकडून आत येण्याची हीच रीत उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांची आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात, पूर्वी आफ्रिकेतून इकडं आणल्या गेलेल्या माणसांच्या या लेकी 'कवंदी' शिवतात. तुकडे आधी जोडून घेत नाहीत. शिवता शिवता कडा दुमडून लावत जातात, आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले तिकोनी तुकडे बसवतात. त्यांना म्हणतात 'फुला'. फुलांशिवायची कवंदी त्यांना उघडीबोडकी वाटते. ते कोपरे मी त्यांच्याकडून सरळ उचललेत, आणि विचारणाऱ्याला तसं सांगतेही.

हातात आलेलं कापड आधी उजेडासमोर धरायचं. कुठं विरलंय ते बघायचं. एकदा एका एसटी कंडक्टरचे खाकी शर्ट आले होते. टेरीकॉट, म्हणजे सुईची परीक्षा, बोटं दुखून येतात. पण प्रत्येक शर्टाचा एकाच बाजूचा खांदा फिका पडला होता, तिरक्या पट्ट्यात. तिकिटांच्या बॅगेचा पट्टा वर्षानुवर्षं तिथं घासला होता. त्यांची बायको म्हणाली, "फिका भाग तेवढा आत घाला हो." मी ते खांदे मधोमध लावले. तिनं गोधडी उलगडली, त्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि पैसे मोजायला घेतले. पसंत पडली की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या काळ्या बायकांच्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या तेव्हा मोठी वाहवा झाली, आधुनिक चित्रकलेशी तुलना झाली. मला त्यातली मिझूरी पेटवेची 1942 ची गोधडी महत्त्वाची वाटते. नवरा वारल्यावर तिनं त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची ती शिवली, त्याची आठवण म्हणून अंगावर घ्यायला. मुलगी कपडे फाडून द्यायला हाताशी होती. मातकट, निळ्या, करड्या पट्ट्या, त्याही वेड्यावाकड्या. टीकाकारांना त्यात रचना दिसली, आणि ती आहेच. पण रंग तिनं निवडले नव्हते, ते उन्हानं आणि धुण्यानं निवडले होते. प्रेरणा कुठून येते असं मला कुणी विचारलं की मला या पट्ट्या आठवतात.

आता लुगडी नाहीत, पातळंही संपत आली. रोजचं म्हणजे गाऊन. आणि गाऊन आणायला लेकींना लाज वाटते. मागच्या उन्हाळ्यात एकीला मी आईचे गाऊन आण म्हटलं तर ती हसलीच. "मावशी, गाऊनची गोधडी? लोक काय म्हणतील?"

"लोक पांघरणार आहेत का?"

आणले तिनं. बारीक फुलांचे, मऊ झालेले, पोटावर हळदीचे डाग, बाह्यांना कणकेच्या हातांनी ओढून ओढून आलेला सैलपणा. एकाला खिसा होता. त्यात दुधाच्या पिशवीची रबरं आणि गंजलेली सेफ्टी पिन. मी तो खिसा तसाच अख्खा कापून घेतला आणि वरच्या अंगाला, कुशीवर झोपलं की हात जातो तिथं बसवला, तोंड उघडं ठेवून. ती म्हणत होती शिवून टाका, काहीतरी अडकेल त्यात. मी ऐकलं नाही. तिचा मुलगा आता त्यात टीव्हीचा रिमोट ठेवतो आणि घरभर शोधाशोध होते, म्हणून तिचा फोन येत असतो. धुवायला टाकायच्या आधी खिसा बघत जा, एवढंच मी तिला सांगितलंय.