अक्षरं पळतात

परवा एस.टी.नं जळगावहून धुळ्याला चाललो होतो. मोबाइलवर एका जुन्या त्रैमासिकाचा अंक उघडला. पानांची छायाचित्रं काढून जपलेला. दोन बोटांनी अक्षर मोठं करावं, तर ओळीचं शेपूट काचेबाहेर! एरंडोलला धरलेलं वाक्य पारोळ्याला संपलं.

हसू आलं, पण लगेच वर्गातली एक मुलगी आठवली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1926 साली धुळ्यात देह ठेवला, दुसऱ्याच वर्षी तिथं त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, एवढं सांगून मी तिला निबंधासाठी हाच अंक धाडला होता. "सर, अक्षरं पळतात," ती म्हणाली. निबंध कोराच राहिला. तिचं वाचनालय म्हणजे वडिलांचा मोबाइल. तोही ते रात्री शेतावरून परतल्यावर.

अंक जपणारांचे उपकार थोरच. पण चित्राऐवजी खरी अक्षरं केली, एकेक लेख सुटा दिला, तर ओळ काचेच्या रुंदीत आपोआप बसेल, हवं ते नाव शोधताही येईल. कणगी भरलेली आहे. दाणे काढायला खालचं तोंड तेवढं हवं.

धुळ्याला कागदी अंक मिळाला. तो लेख तिच्यासाठी मी हातानं उतरवून घेतला. राजवाडेही गावोगाव हिंडून जुनी दफ्तरं अशीच उतरवीत होते. मात्र त्यांच्या खिशात मोबाइल नव्हता!