टोपी नीट बसली का?

मागच्या शनिवार-रविवारी बारामतीला घरी गेलो होतो. रविवारी सकाळी गाडी काढली आणि नानांकडे, म्हणजे माझ्या चुलत्यांकडे, चक्कर मारली. त्यांचं शेत इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यापासून जवळच. आदल्या रात्री रानडुकरं येऊन गेली होती. अर्धा एकर मका लोळवलेला. बघवत नव्हतं.

चहा झाल्यावर नाना आत गेले आणि एक कापडी पिशवी घेऊन आले. माझ्यापुढे उपडी केली. बारा बोअरची रिकामी काडतुसं! आजोबांच्या काळापासून साठवलेली. नानांकडे परवान्याची बंदूक आहे (निवडणूक आली की पोलिस ठाण्यात जमा होते ती).

"काय रं, तू अमेरिकेत ह्ये भरायला शिकला म्हनं? मग भरून दे की. आवाज झाला तरी बास. डुकरं पळत्याली."

झालं! मीच कधीतरी फोनवर मारलेली फुशारकी अशी अंगाशी आली.

तर मंडळी, थोडं फ्लॅशबॅक. प्रोजेक्टसाठी वर्षभर टेक्सासला होतो तेव्हा टीममधल्या एका सहकाऱ्याला रायफलच्या गोळ्या घरी भरायचा नाद होता. तिकडे ते कायदेशीर आहे. शनिवारी त्याच्या गॅरेजमध्ये मी मदतनीस. त्याने मला दिलेलं काम एकच, प्रायमर बसवायचं.

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली ती छोटी टोपी. थ्री-नॉट-एट विंचेस्टरला ती जेमतेम ५.३ मिलिमीटर व्यासाची. आत चिमूटभर स्फोटक, आणि त्याखाली ॲन्व्हिल, म्हणजे छोटीशी ऐरण. पिनचा मार बसला की स्फोटक वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडतं आणि ठिणगी दारूकडे जाते. १८६६ च्या सुमारास इंग्लंडच्या बॉक्सरने ऐरण टोपीत ठेवली, अमेरिकेच्या बर्डनने ती काडतुसाच्या बुडातच घडवली. गंमत म्हणजे आज अमेरिकेत बॉक्सरची पद्धत चालते आणि युरोपात बर्डनची बरीच पसरली.

आता यात चुकण्यासारखं काय आहे? मलाही तेच वाटलं होतं.

ऐरणीचे पाय खोबणीच्या तळाला टेकले पाहिजेत आणि टोपी बुडाच्या पातळीपेक्षा केसभर आत गेली पाहिजे, साधारण ०.१ मिलिमीटर. बस्स, एवढंच. पण खोबणीत आधीच्या बाराची काजळी राहिली तर टोपी वर राहते. लष्करी काडतुसांच्या खोबणीची कड दाबलेली असते, ती न काढता टोपी रेटली तर तिरकी होते. टोपी उलटी बसू शकते. बोटाला तेल असेल तर आतलं स्फोटक बाद होऊ शकतं. आणि अडली म्हणून जोर लावला तर ती हातातच उडू शकते. म्हणून चष्मा लावायचा, हाताने दाबायचं हत्यार वापरायचं, आणि प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवायचं. बोटाला उंचवटा लागला की बाजूला. हा त्याचा नियम.

मी साठ बसवले. पहिल्या चाळिसांवरून बोट फिरवलं. सगळे ओके. मग जेवायची हाक आली आणि उरलेले वीस तसेच डब्यात टाकले. चाळीस टेस्ट पास, म्हणजे बाकीच्या पास असणारच ना? (ऑफिसात हे वाक्य बोललेल्या ज्युनियरला मी काय काय बोललो असतो!)

पुढच्या शनिवारी रेंजवर चाप ओढला आणि नुसतं 'टक्'. माझा हात लगेच बोल्टकडे. त्याने वरून माझा हात दाबून धरला. नळी टार्गेटकडेच. मनातल्या मनात तीस आकडे मोजले. बार कधीकधी उशिरा होतो, आणि तेव्हा बोल्ट उघडा असेल तर काडतूस तोंडापुढे फुटतं. ते तीस आकडे मला अजून आठवतात.

काडतूस बाहेर काढलं तर टोपीवर उथळ खळगा. टोपी वर राहिली होती. पिनचा सगळा जोर तिला आत बसवण्यातच खर्च झाला, चिरडायला उरलाच नाही. तो म्हणाला, ही नशीबवान चूक. काही स्वयंचलित रायफलींत वर राहिलेली टोपी बोल्ट बंद होतानाच पेटू शकते, चापाला बोटही न लावता.

हे सगळं नानांना सांगितलं. वर हेही, की १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं सरळ गुन्हा आहे.

"मग खडकीला काय करत्यात? तिथं बी मानसंच हायेत की."

नाना मुद्द्याचं बोलतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. पण तिथे काडतूस तपासणं हेच कुणाचं तरी रोजचं काम असतं, जेवायची हाक आली तरी. माझं तसं नाही हे मला टेक्सासमध्येच कळलं होतं.

"नाना, तुम्ही बार काढणार, आणि टोपी मी बसवलेली असणार. मला रात्री झोप नाही लागायची."

नाना काही बोलले नाहीत. एकेक काडतूस उचलून पिशवीत टाकलं. रागावले असावेत. मग आम्ही मक्याचे फोटो काढले, वनखात्याकडे द्यायचा नुकसानीचा अर्ज मी भरून दिला. निघताना काकूंनी डबा दिला, नाना गाडीपर्यंत आले नाहीत. तसे ते नेहमी येतात.

काल त्यांचा फोन आला. डुकरं पुन्हा येऊन गेली. पंचनामा व्हायचाय. शेवटी म्हणाले, "पिशवी भंगारात न्हाय टाकली, ठान्यात इचारतो काय करायचं ते."

असो. उद्या सोमवार, रिलीज आहे. उरलेल्या टेस्ट आजच चालवून घेतो.