१०,८९९ माणसं, ७४८ बंदुका

व्हिएतनामला आम्ही गेलो ते तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून. ऑफिसातले चौघं, सहा दिवस. हा लाँग बेची बोट, दा नांगजवळचा तो दोन दगडी दिसणाऱ्या हातांवर पेललेला वाटणारा सोनेरी पूल (रीलमध्ये तुम्ही पाहिलाच असेल) आणि शेवटी हो चि मिन्ह सिटी. प्लॅनमध्ये इतिहास नव्हताच. शेवटच्या दिवशी फ्लाइट रात्रीची, हॉटेल बाराला सोडायचं आणि बाहेर धो धो पाऊस, म्हणून वॉर रेम्नंट्स म्युझियम. डोक्यावर छप्पर असेल, एवढीच अपेक्षा.

अंगणात अमेरिकन रणगाडे आणि हेलिकॉप्टर उभी आहेत. तिथं आम्हीही सेल्फी काढले, खोटं कशाला बोलू. वरच्या मजल्यावर माय लायचे फोटो आहेत. १६ मार्च १९६८ ला अमेरिकन तुकडी या गावात शिरली आणि तिनं बायका, पोरं, म्हातारे सगळे मारले. फोटो काढले ते त्यांच्याच लष्करी फोटोग्राफरनं. मला ते फार वेळ बघवले नाहीत. बाकावर बसलो आणि सवयीनं फोन काढून वाचायला लागलो.

त्या दिवशी वर जो रिपोर्ट गेला, त्यात आकडे होते: शत्रू ठार १२८, हत्यारं हस्तगत ३.

मी डेटावर काम करतो. असे दोन कॉलम शेजारी दिसले की हात आपोआप थांबतो. १२८ सैनिक आणि ३ बंदुका? मग बाकीचे १२५ जण लढत कशानं होते? वर कुणी हे विचारलं नाही. उलट पाठ थोपटली गेली. खरा प्रकार बाहेर यायला दीड वर्षाच्या वर लागलं. व्हिएतनामी नोंदीप्रमाणे त्या दिवशीचे मृत ५०४.

हा एकाच दिवसाचा अपवाद असता तर मी कदाचित चहा प्यायला उठलो असतो. पण पुढे वाचलं ते ‘ऑपरेशन स्पीडी एक्स्प्रेस’बद्दल. डिसेंबर १९६८ ते मे १९६९, मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश, अमेरिकेची ९ वी डिव्हिजन. शत्रू ठार: १०,८९९. हत्यारं: ७४८. लष्कराचं स्पष्टीकरण होतं की बरेच जण रात्री किंवा हवेतून मारले गेले, त्यामुळे हत्यारं गोळा करता आली नाहीत. १९७२ मध्ये ‘न्यूजवीक’नं छापलं की मेलेल्यांत पाच हजारांपर्यंत साधे नागरिक असावेत. तोवर त्या डिव्हिजनच्या सेनापतीला बढती मिळून गेली होती.

फ्लाइटमध्ये बाकीचे झोपले. मी डाउनलोड करून ठेवलेलं वाचत बसलो.

मुळात माणसं मोजायची वेळ का आली? दुसऱ्या महायुद्धात नकाशावर रेघ असायची. आज इतके मैल पुढे सरकलो, हे कुणालाही दाखवता यायचं. व्हिएतनाममध्ये रेघच नव्हती. दिवसा घेतलेलं गाव रात्री पुन्हा त्यांचं. मग प्रगती दाखवायची कशी? तेव्हा संरक्षणमंत्री होता रॉबर्ट मॅकनामारा. हार्वर्डमध्ये शिकवलेला, महायुद्धात विमानदलासाठी आकडेमोड केलेला, तिथून फोर्ड कंपनीचा अध्यक्ष आणि १९६१ पासून पेंटॅगॉनमध्ये. आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा-ड्रिव्हन माणूस. आम्हाला इंडक्शनमध्ये ज्याचं उदाहरण देतील तसा. प्रेतं मोजता येत होती, म्हणून प्रेतं मोजली. मग ज्याला बढती हवी, तो जास्त प्रेतं मोजू लागला.

१९६७ पासून तर रीतसर सिस्टीमच होती: हॅम्लेट इव्हॅल्युएशन सिस्टीम. दक्षिण व्हिएतनामच्या सुमारे १२ हजार वाड्या-वस्त्या. प्रत्येकीसाठी दर महिन्याला १८ प्रश्नांचा तक्ता, तो भरायचा जिल्ह्यावरच्या अमेरिकन सल्लागारानं. बहुतेकांना भाषा येत नसायची आणि नेमणूक साधारण वर्षभराची. तक्ते कॉम्प्युटरमध्ये जायचे आणि वस्तीला ग्रेड मिळायचा. ए सगळ्यात सुरक्षित, मग बी, सी, डी, ई आणि पूर्ण शत्रूच्या ताब्यात असेल तर व्ही. जो माणूस ग्रेड देणार, त्याचंच काम त्या ग्रेडवरून जोखलं जाणार. ही चूक आमच्या क्षेत्रात आजही रोज होते.

१९६७ च्या अखेरीस या सिस्टीमनं सांगितलं की ६७ टक्के जनता बऱ्यापैकी सुरक्षित भागात आहे. जानेवारी १९६८ च्या शेवटी, ‘तेत’ म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाच्या सणात, शंभरावर शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी हल्ले झाले. ४४ पैकी ३६ प्रांतांच्या राजधान्या त्यात होत्या. सायगॉनमधल्या अमेरिकन वकिलातीच्या आवारातही लोक घुसले. लष्करीदृष्ट्या हल्लेखोरांची जबर हानी झाली, हे खरं. पण ६७ टक्क्यांवर नंतर कोण विश्वास ठेवणार?

अशा गोष्टी वाचताना मला गंमतही वाटत होती, हे कबूल करतो. हो चि मिन्ह ट्रेलवर अमेरिकेनं विमानातून हजारो सेन्सर टाकले, काही तर झुडपासारखे दिसणारे. ते पावलांचा आणि ट्रकचा आवाज थायलंडमधल्या नाखोन फानोमच्या आयबीएम कॉम्प्युटरपर्यंत पोचवायचे. मग बॉम्ब. उडवलेल्या ट्रकचा आकडा इतका फुगला की अख्ख्या उत्तर व्हिएतनाममध्ये तेवढे ट्रक असल्याचं गुप्तचरांनाच पटेना. मग बाकीचे ट्रक गेले कुठं? लाओसच्या जंगलात एक ट्रक खाणारा राक्षस आहे, असा विनोद अमेरिकन लोकच करायचे. माणसाच्या मुताचा वास ओळखणारं यंत्रही होतं. समोरच्यांनी मुताच्या बादल्या झाडांना टांगून ठेवल्या.

पण हे सगळं झालं नंतरचं. आकडे खोटे निघाले त्याच्याही आधी प्रश्न चुकला होता, आणि तो चुकल्याची तारीख १९४५ पर्यंत मागे जाते.

२ सप्टेंबर १९४५ ला हनोईच्या बा दिन्ह मैदानात हो चि मिन्हनं स्वातंत्र्य जाहीर केलं, ते अमेरिकेच्याच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली वाक्यं घेऊन. काही आठवड्यांपूर्वी जपान्यांविरुद्ध मदत करायला आलेलं अमेरिकन पथक त्याच्या जंगलातल्या तळावर होतं आणि तो तापानं फणफणलेला असताना त्यांनीच औषध दिलं होतं. त्यानं राष्ट्राध्यक्ष ट्रुमनना पत्रं आणि तारा पाठवल्या. उत्तर आलं नाही. हो चि मिन्ह कम्युनिस्ट होता का? होताच, १९२० पासून पक्का. पण त्याच्यामागे जी माणसं उभी राहिली, ती बहुतांशी फ्रेंच जावेत म्हणून. वॉशिंग्टननं यातली एकच बाजू वाचली.

आणि इथं मला एक धक्का बसला. त्या सप्टेंबरमध्ये सायगॉनमध्ये परकी फौज उतरली ती अमेरिकन नव्हती. १६ व्या अक्षांशाच्या दक्षिणेला जपान्यांची शरणागती घ्यायचं काम ब्रिटिशांकडे होतं आणि जनरल डग्लस ग्रेसीबरोबर आली ती २० वी इंडियन डिव्हिजन. इम्फाळ आणि ब्रह्मदेशात लढलेले भारतीय आणि गुरखा जवान. ग्रेसीनं मार्शल लॉ लावला, कैदेतले फ्रेंच सैनिक सोडवून त्यांच्या हाती शस्त्रं दिली आणि २३ सप्टेंबरला फ्रेंचांनी सरकारी इमारती ताब्यात घेतल्या. पुढे व्हिएत मिन्हशी लढायला हरलेले जपानी सैनिकसुद्धा वापरले. नेहरूंनी भारतीय सैनिकांच्या या वापराचा जाहीर निषेध केला. पण हुकूम लंडनचा होता. १९४६ च्या सुरुवातीला डिव्हिजन फ्रेंचांच्या हाती कारभार देऊन निघाली. मी दिवसभर अमेरिकेची गोष्ट वाचत होतो. तिच्या पहिल्याच पानावर आपले लोक होते. स्वतः गुलाम, आणि दुसऱ्याचं स्वातंत्र्य मोडायला उभे केलेले.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. फ्रेंच १९५४ मध्ये दिएन बिएन फूला हरले. जनरल जियापच्या लोकांनी तोफा दोरखंडांनी डोंगरावर ओढून नेल्या आणि सायकलींवर रसद वाहिली. तोवर फ्रेंचांच्या युद्धखर्चाचा मोठा वाटा अमेरिकाच उचलत होती. जिनिव्हा करारानं देश १७ व्या अक्षांशावर तात्पुरता विभागला आणि १९५६ मध्ये निवडणूक ठरली. ती झालीच नाही. एक देश कम्युनिस्ट झाला की शेजारचे पत्त्यासारखे कोसळतील, असं आयझेनहॉवर सांगत होते. त्यांनीच नंतर आठवणींत लिहिलं की लढाई चालू असताना निवडणूक झाली असती तर हो चि मिन्हला कदाचित ८० टक्के मतं पडली असती.

म्हणजे कामाचा आकडा त्यांच्याकडे आधीपासून होता. त्यासाठी ना सेन्सर लागले ना १८ प्रश्न. तो आवडला नाही, म्हणून पुढची वीस वर्षं दुसरे आकडे गोळा केले.

(म्युझियममध्ये जे नाही तेही सांगायला हवं. उत्तरेतल्या जमीन सुधारणांत मारलेले हजारो लोक, १९७५ नंतरच्या ‘पुनर्शिक्षण’ छावण्या, होड्यांतून पळताना समुद्रात बुडालेले. जिंकलेल्यांच्या भिंतीवर त्यांचे फोटो नसतात.)

एडवर्ड लान्सडेल या अमेरिकन अधिकाऱ्यानं एक आठवण सांगितली आहे. मॅकनामारानं त्याला युद्धातल्या घटकांची लांब यादी दाखवली. लान्सडेल म्हणाला, यात सर्वांत महत्त्वाचं राहिलंय, ‘एक्स’ लिहा. मॅकनामारानं पेन्सिलीनं लिहिलं आणि विचारलं, एक्स म्हणजे काय? तिथल्या लोकांना काय वाटतं ते, लान्सडेल म्हणाला. मॅकनामारा खोडायला लागला.

हे वाचलं आणि मी फोन बंद केला. पुढे झोप लागली नाही.

कारण दोन वर्षांपूर्वी मी एक स्कोअर लिहिला होता. आमच्या कंपनीच्या कस्टमर सपोर्टसाठी. दिवसाला किती कॉल, एका कॉलला किती मिनिटं, किती तक्रारी बंद. शंभरपैकी मार्क, ४५ च्या खाली लाल. डॅशबोर्ड सुरेख झाला होता, मला त्या वर्षी चांगलं रेटिंग मिळालं. सपोर्टमध्ये एक ताई होत्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. म्हाताऱ्या लोकांचे कॉल त्यांच्याकडे वळवायचे, कारण त्या न चिडता समजावायच्या. साहजिकच मिनिटं जास्त. तीन महिने त्या लाल राहिल्या. एकदा कॅन्टीनमध्ये मला म्हणाल्या, “अरे, माझं नक्की काय चुकतंय ते त्यात दिसतं का रे?” मी म्हणालो, “बघतो ताई.” बघितलं नाही. महिन्याभरानं त्यांना जायला सांगितलं.

युद्धाशी याची तुलना होत नाही, हे मला कळतं. तिथं माणसं मेली. पण ती क्वेरी माझी होती.

परत आल्यावर मी जुने लॉग काढले. हिरव्या लोकांनी बंद केलेल्या तक्रारींतले किती फोन नंबर आठवड्याच्या आत पुन्हा आले, ते मोजलं. बरेच आले. ताईंचे जवळजवळ नाहीच. मॅनेजरला दाखवलं. तो वाईट माणूस नाही. त्यानं शांतपणे बघितलं आणि विचारलं, “पण समजावणं मेजर कसं करणार?” मी तिकीट टाकलं आहे. प्रायॉरिटी लो. ते अजून तिथंच पडून आहे.

गेल्या रविवारी ताईंना फोन केला. त्या आता पुतणीच्या क्लासचं ऑफिस सांभाळतात. मी सगळं सांगितलं, लॉग, पुन्हा आलेले कॉल, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “शेवटी माझा किती होता रे तो?”

“एक्केचाळीस.”

मागं कुकरची शिट्टी झाली. गॅस बारीक करून त्या परत फोनवर आल्या.

“मला अडतीस सांगितला होता.”