अटकेपारचा माणूस, गोदाकाठचे गाव

कोपरगाव बहुतेकांनी रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिलेले असते. दौंड–मनमाड मार्गावरचे हे स्टेशन. शिर्डीला स्वतःचे स्टेशन २००९ साली मिळाले. त्यापूर्वी वर्षानुवर्षे साईभक्त येथेच उतरत, टांगा किंवा मोटार करून पंधराएक किलोमीटरवरची शिर्डी गाठत आणि दर्शन आटोपून परतीच्या गाडीसाठी याच फलाटावर येऊन बसत. काही गावांचे नशीबच असे, की तिथे उतरायचे पण थांबायचे नाही.

आम्ही मात्र तिथे मुद्दाम थांबायला गेलो, आणि त्याला कारण इटली!

आमची भाची यंदा पदवीधर झाली आणि त्याचे बक्षीस म्हणून इटलीची सहल करून आली. एकटीने केलेला हा तिचा पहिलाच प्रवास. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही तीन नामांकित शहरे दहा दिवसांत पाहून ती परतली, ती ढीगभर फोटो आणि एक कोडे घेऊन. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये महाकवी दान्तेचे भव्य स्मारक आहे. ते पाहून ती चकित झाली होती.

"मामा, एवढं मोठं थडगं, आणि आत कुणीच नाही!"

गोष्ट खरी आहे. दान्ते फ्लॉरेन्सचाच. पण राजकारणाच्या भांडणात त्या शहराने १३०२ साली त्याला हद्दपार केले, परत आलास तर जाळून मारू असे बजावले. तो वणवण फिरला आणि १३२१ साली रावेन्ना नावाच्या गावी वारला. पुढे त्याची कीर्ती वाढली, तेव्हा फ्लॉरेन्सला उपरती झाली. शहराने त्याच्या अस्थी मागितल्या. रावेन्नाच्या साधूंनी त्या दडवून ठेवल्या, पण दिल्या नाहीत. अखेर १८२९ साली फ्लॉरेन्सने रिकामेच थडगे उभारले. रावेन्नाच्या खऱ्या समाधीवरील दिव्याला तेल मात्र अजून दरवर्षी फ्लॉरेन्सकडून जाते.

"मग रावेन्नाला गेली होतीस का?" मी विचारले.

"नाही हो मामा, कार्यक्रमात नव्हतं ते."

"बरं, शनिवारवाडा पाहिलास?"

"शंभरदा!"

"मग त्याचं रावेन्ना कुठं आहे, ठाऊक आहे?"

ती गप्प झाली. गणपती उठल्यावर आम्ही दोघांनी पुण्याहून गाडी धरली.

मुलगा परीक्षेत पहिला आला की आपण म्हणतो, पठ्ठ्याने अटकेपार झेंडा लावला. हा वाक्प्रचार ज्या मोहिमेतून आला, तिचे सेनापती राघोबादादा. १७५८ साली ते लाहोरास पोहोचले आणि मराठ्यांच्या फौजा पुढे सिंधूकाठच्या अटकेपर्यंत गेल्या. त्या वेळी दादा अवघे तेवीस वर्षांचे होते. त्यानंतर पंधरा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, त्यांचे पुतणे नारायणराव पेशवे शनिवारवाड्यात मारले गेले. शनिवारवाड्यात आपण मुलांना ही गोष्ट एवढ्यापर्यंतच सांगतो. ती संपते कोपरगावला.

मधल्या दहा वर्षांत राघोबादादांनी इंग्रजांचा आश्रय घेतला, १७७५ साली सुरतेचा तह केला आणि त्यातून पहिले मराठा–इंग्रज युद्ध पेटले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते मिटले. इंग्रजांनी दादांची बाजू सोडली. दरमहा पंचवीस हजार रुपये तनखा घ्यावा आणि एके ठिकाणी स्वस्थ राहावे, असे ठरले. दादा गोदावरीकाठी कोपरगावला येऊन राहिले आणि काही महिन्यांतच, डिसेंबर १७८३ मध्ये, वारले.

त्यांचा वाडा नदीकाठी आहे. इंग्रजी अमदानीत तिथे सरकारी कचेरी भरत असे. फ्लॉरेन्सचे प्रासाद पाहून आलेल्या डोळ्यांना तो साधाच वाटावा. भाची बराच वेळ आत फिरली आणि म्हणाली, "मामा, लाहोरपर्यंत गेलेल्या माणसाला हे किती लहान वाटलं असेल!"

मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. याच राघोबादादांनी आपली बाजू मांडायला हणमंतराव नावाचे वकील थेट विलायतेला धाडले होते. १७८१ साली ते लंडनला होते. सोवळेओवळे सांभाळून स्वयंपाक करता यावा म्हणून एडमंड बर्क या प्रसिद्ध संसदपटूने आपल्या बागेतले काचघर त्यांना मोकळे करून दिले. परतताना ही मंडळी इराणमार्गे आली, म्हणजे सिंधू ओलांडून आली. झाले! धर्म बुडाला म्हणून त्यांना वाळीत टाकले आणि पुनर्जन्माचा विधी झाल्यावरच पदरात घेतले. फौजा अटकेला गेल्या तो पराक्रम, आणि वकील अटक ओलांडून आले ते पाप! भाची खळखळून हसली. तिला स्वतःला घरच्यांनी विमानतळावर पेढे भरवून निरोप दिला होता.

दुपारी बेटात गेलो. गोदावरीच्या वळणातले हे बेट दैत्यगुरू शुक्राचार्यांचे मानतात. त्यांचे मंदिर आहे, जवळच कचेश्वर आहे. संजीवनी विद्या शिकायला आलेला कच इथलाच, असे लोक सांगतात. शुक्राचार्यांच्या दारी लग्नाला मुहूर्त पाहावा लागत नाही, अशीही समजूत आहे. ही माहिती देणाऱ्या आजींनी आधी माझ्याकडे आणि मग भाचीकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिले, तेव्हा आम्ही घाईने हिंगणीची रिक्षा ठरवली.

हिंगणी जवळच आहे. दादांची समाधी तिथे नदीकाठी आहे. गोदावरी अजून गढूळ वाहत होती. हारफूल नाही, गर्दी नाही.

"मामा, खरंच दोषी होते का हो ते?"

आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला, ही लोकांच्या तोंडची गोष्ट. पण रामशास्त्र्यांचा निवाडा राघोबादादांच्या विरुद्ध होता, आणि तो देऊन ते पुण्याबाहेर पडले. दान्तेशी दादांची बरोबरी करण्याचे कारण नाही. त्या कवीच्या अस्थींसाठी दोन गावे भांडली. दादांसाठी कुणी भांडले नाही.

पण मला हुरहुर लावून गेले ते दादा नव्हेत, तर त्यांचा मुलगा. वडील गेले तेव्हा बाजीराव नऊ वर्षांचाही नव्हता. धाकट्या चिमाजीचा तर जन्मच वडिलांच्या मागे, १७८४ साली झाला. ही दोन मुले आणि आनंदीबाई १७९३ पर्यंत कोपरगावलाच पुणे दरबारच्या नजरेखाली राहिली. ज्या वयात मुलाने घोडा, हिशेब आणि माणसे ओळखायला शिकायचे, त्या वयात हा मुलगा पहारा ओळखायला शिकला. १७९६ साली तोच पेशवा झाला. १८१८ साली त्याने माल्कमसाहेबापुढे शरणागती पत्करली आणि वर्षाला आठ लाखांचा तनखा घेऊन कानपूरजवळ बिठूरला गेला. तिथेच १८५१ साली वारला.

"वडील गोदावरीच्या काठी, मुलगा गंगेच्या काठी," भाची हळूच म्हणाली, "आणि दोघेही तनख्यावर."

वाचकहो, मुलांना इटलीला जरूर पाठवा. रोम–फ्लॉरेन्स पाहून मन मोठे होते. पण प्रसिद्ध शहरात पाहायला मिळते ती बहुधा गोष्टीची सुरुवात. तिचा शेवट कुठल्या तरी लहान गावी, नदीकाठी पडलेला असतो. तो पाहिला म्हणजे वाड्याच्या भिंतींमागची माणसे दिसू लागतात. शिर्डीला जाणारच असाल, तर एक दिवस कोपरगावसाठी काढा. वाडा, बेट आणि हिंगणी एका दिवसात सहज होतात. मुलांचे प्रश्न मात्र पुढे बरेच दिवस पुरतात.