एका पिक्सेलची चूक

नासाच्या एसडीओ उपग्रहावरून सूर्याचं जे चित्र येतं, त्यातला एक पिक्सेल म्हणजे सूर्यावरचे साधारण ४३५ किलोमीटर. माझ्या प्रोग्राममध्ये तेवढीच चूक दोन वर्षं होती. खगोलशास्त्रातल्या फिट्स फाइलींमध्ये पिक्सेल १ पासून मोजतात, पायथनमध्ये ० पासून. संदर्भबिंदू वाचताना तो एक वजा करायला मी विसरले होते. चित्र दिसायला छान होतं, कडा गोल, डाग ठळक. फक्त सगळा सूर्य एक पिक्सेल आडवा आणि एक पिक्सेल उभा सरकलेला.

चूक मला सापडली नाही. कोड खुला होता म्हणून परदेशातल्या एका विद्यार्थ्याने तो वापरला, स्वतःच्या चित्रावर माझं चित्र ठेवून पाहिलं आणि नेमकी कुठली ओळ चुकते ते कळवलं. सोबत चार ओळींची चाचणीही पाठवली. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी सगळ्या आकृत्या नव्याने काढायला घेतल्या आणि त्या चित्रांवरच्या शोधनिबंधाची दुरुस्ती छापायला पाठवली.

मी पीएचडी करत होते तेव्हा असं कुणी तपासणं अवघड होतं. सौर भौतिकीचं बहुतेक काम आयडीएल भाषेत चाले. सोलरसॉफ्ट हा त्यातल्या प्रोग्रामांचा प्रचंड साठा फुकट, पण तो चालवायला आयडीएलचा परवाना विकत घ्यावा लागे. आमच्याकडे परवाने मोजके, म्हणून मी रात्री दहानंतर कामाला बसायची. २०११ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या काही जणांनी पायथनमध्ये सनपाय हे खुलं सॉफ्टवेअर सुरू केलं, तेव्हा परवान्यांसाठीची ही रांग संपेल असं पहिल्यांदा वाटलं. २०१९ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली.

बढतीच्या मुलाखतीत मात्र मला शोधनिबंधांची संख्याच विचारली गेली, कोडबद्दल काही नाही. कोड म्हणजे मदतनिसाचं काम, हा समज मला मुळीच मान्य नाही. एसडीओ दिवसाला सुमारे दीड टेराबाइट माहिती पाठवतो. सूर्याबद्दल आम्ही जे सांगतो ते कुणाच्या तरी कोडमधून गाळूनच आलेलं असतं.

आता भारताच्या आदित्य-एल१ यानावरच्या, पुण्याच्या आयुकाच्या नेतृत्वाखाली घडलेल्या सूट दुर्बिणीची चित्रंही खुली झाली आहेत. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून घेतलेलं ते चित्र एसडीओच्या चित्राशी जुळवायचं, तर पिक्सेलचा हिशेब चोख हवा. त्यावर काम करणाऱ्या मुलामुलींनो, तुमचा कोड अर्धवट असला तरी खुला ठेवा.